लाल विसरलेला मॉनिटर

मित्रांनो, मी एक जुना मॉनिटर आहे. बडबड करणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहितो तो वर्गातला नव्हे, मी कॉम्प्युटरचा. तोंड काचेचं, पाठीला भलंमोठं कुबड आणि अंगात वजन असं की मला उचलायला दोन माणसं लागतात. त्यातला एक तरी कंबर धरून मला शिव्या घालतोच. तुमच्या घरी आता चपटे पडदे असतील. असू देत बापडे. त्यांच्याशी माझं एकेकाळी भांडण होतं आणि त्या भांडणात मीच खोटा पडलो. माझ्या खोटेपणापायी एका म्हातारीच्या आयुष्यातला एकुलता एक दिवस मातीत जायची पाळी आली होती. ते सगळं मी काचेमागून बघत होतो आणि मला ब्र काढता येत नव्हता. आज काढतो.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. माझ्या पोटात तीन बंदुका बसवल्या, लाल, हिरवी आणि निळी. घाबरू नका, त्या उजेडाच्या असतात. तिघींचा उजेड सारख्या मापानं काचेवर पडला की पांढरा रंग होतो. कारखान्यातल्या एका बाईनं माझा पांढरा बराच वेळ निरखला, मान डोलावली आणि माझ्या कपाळावर 'पास'ची चिठ्ठी डकवली. ती चिठ्ठी मी पुढे कित्येक वर्षं मिरवली. खरं सांगायचं तर तिथेच घोडं पेंड खायला लागलं. एकदा पास झालेल्याला पुन्हा कोण तपासतं?

तिथून मी गुनसान बंदरातल्या 'छंगसोल' नावाच्या व्हिडिओच्या दुकानात आलो. खाली बान काकूंचं तांदळाच्या वड्यांचं दुकान, वर आमचं. काकूंच्या भांड्यांची वाफ जमिनीच्या फटींतून वर यायची आणि सकाळभर माझ्या काचेवर दमट थर धरायचा. दुकान मा यंग-ओक आणि तिचा नवरा ताक गी-छल या दोघांचं. तो लग्नं, वाढदिवस, बारशी कॅमेऱ्यात धरून आणायचा. ती माझ्यासमोर बसून कापायची, जोडायची आणि शेवटी त्यावर चमकणारी नावं चढवायची.

मित्रांनो, ही चमकणारी नावं म्हणजे यंग-ओकचा हातखंडा होता. आधी ती साधं अक्षर लिहायची. मग त्याची नक्कल करायची, ती धूसर करून मूळ अक्षराच्या मागे सरकवायची. मग नकलेची नक्कल, आणखी धूसर, आणखी पसरट. तीन थर झाले की अक्षर आतून पेटल्यासारखं दिसायचं. मग उजेडाची एक तिरीप ती डावीकडून उजवीकडे त्यावरून फिरवायची. कुठल्या क्षणी चमक वाढावी आणि कुठल्या क्षणी विझावी, ते ती जीभ दातांत धरून ठरवायची. छंगसोल म्हणजे सदाहरित पाइनचं झाड. दुकानाचं ते बोधचिन्ह तिनं असं काही उजळलं होतं की, एकेक सुई हिरवी ठिणगी होऊन फुलायची. गिऱ्हाईक आत आलं की आधी तेच मागायचं. "ताई, आमच्या पोरीचं नाव अस्संच झगमगलं पाहिजे हं!"

रंगाचा निकाल मात्र माझ्या काचेवर. यंग-ओक आकडे बघायची नाही. लाल किती, हिरवा किती, ते कोपऱ्यात लिहिलेलं असायचं. पण ती म्हणायची, "आकडे कारकुनांना. मला देवानं डोळे दिलेत, आणि डोळ्यांसमोर हा दिलाय." 'हा' म्हणजे मी. माझी छाती किती फुगायची म्हणून सांगू! बाजारात चपटे पडदे आले तेव्हा गी-छल घ्यायला निघाला होता. तिनं त्याला दारातूनच परत फिरवला. "चपटे पडदे खोटं बोलतात. मान तिरकी केली की रंग बदलतात मेले." तेव्हा तिच्या धंद्यातली सगळी जुनी माणसं असंच म्हणायची.

आणि नेमकी तेव्हाच माझी लाल बंदूक थकायला लागली होती.

एकदम नाही. दाढ किडते तशी, हळूहळू. आधी किमची, म्हणजे आमचं लालभडक तिखट लोणचं, फिकी दिसायला लागली. मग नवऱ्यामुलींचे ओठ मातकट झाले. सफरचंदं कच्ची वाटू लागली. यंग-ओकला वाटायचं, नवऱ्याच्या कॅमेऱ्याचाच दोष. ती पुटपुटायची, "हिरवट झाक येतेय परत," आणि लाल वाढवायची. एकदा एक गिऱ्हाईक तक्रार घेऊन आलं. त्यांच्या लग्नाच्या फिल्ममधले सगळे पाहुणे प्यायल्यासारखे लालबुंद दिसतात म्हणे. ती हसून म्हणाली, "अहो, प्यायलेलेच होते ते! मी स्वतः बघितलंय." गिऱ्हाईकही हसलं. मी हसलो नाही. मला कळलं होतं.

आता तिच्या आईविषयी सांगतो. आईचं नाव गुक बुन-दोक. पण हे नाव गल्लीत कुणालाच ठाऊक नव्हतं. आमच्याकडे बाईला पहिलं मूल झालं की तिचं नाव मिटतं. ती उरते अमक्याची आई. बुन-दोक साठ वर्षं 'दु-शिकची आई' होती. दु-शिक म्हणजे यंग-ओकचा मोठा भाऊ, बंदरावर जाळ्यांचं दुकान चालवणारा. म्हातारीला अक्षरओळख नव्हती. शहात्तराव्या वर्षी ती म्हाताऱ्यांच्या साक्षरता वर्गात जाऊन बसली. चौकटीच्या वहीत तिनं पहिल्यांदा काय लिहिलं असेल? स्वतःचं नाव. आमच्या लिपीत तीन अक्षरं, पेन्सिलीनं, इतकी दाबून की मागच्या पानावर उठली होती.

ऐंशी वर्षं पूर्ण होणार होती, त्याआधीच्या हिवाळ्यात तिच्या छातीवर शस्त्रक्रिया झाली. ती वाचली. एप्रिलातल्या एका शनिवारी दुपारी मोठा हॉल घेऊन समारंभ करायचा, असं दु-शिकनं ठरवलं. यंग-ओक म्हणाली, फिल्म माझ्याकडून. आणि तिच्या मनात आलं की, आईचं नाव एकदा तरी सगळ्या गोतावळ्यासमोर झळकलं पाहिजे. तेही तिच्याच हस्ताक्षरात आणि सोनेरी.

सोमवारी दु-शिक दुकानात आला. बसलाही नाही.

"फिल्म तू करतेयस, बरं आहे. पण धांदरटपणा नको."

"दादा, मी बारा वर्षं हेच करतेय."

"भात करपवलास तेव्हाही म्हणाली होतीस, मी लक्ष ठेवतेय."

"मी नऊ वर्षांची होते, दादा!"

"डॉक्टर म्हणालेत, तिला धक्का बसेल असं काही होता कामा नये. समजलं? काही म्हणजे काही नाही."

तो गेला. यंग-ओकनं त्याच्या पाठीला जीभ काढून दाखवली. मग वही उघडली आणि आईची तीन अक्षरं माझ्या काचेवर आणली.

मित्रांनो, इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. आमच्याकडे जिवंत माणसाचं नाव लाल रंगात लिहीत नाहीत. शाळेतली पोरंसुद्धा लाल पेनानं मित्राचं नाव लिहायला धजत नाहीत. लाल नाव म्हणजे मेलेल्याचं नाव. आणि जो माणूस नुकताच मरणाच्या दारातून परत आलाय, त्याचं नाव लाल लिहिणं म्हणजे त्याला पुन्हा त्या दारात नेऊन उभं करणं.

यंग-ओकनं जुनी साठवून ठेवलेली सोनेरी चमक त्या अक्षरांवर चढवली. माझ्या काचेवर ती शेवाळासारखी दिसली. ती चमक बरोबर होती, मित्रांनो! चूक मी होतो. पण तिनं कपाळाला आठ्या घातल्या आणि लाल वाढवला. अजून हिरवट. हिरवा कमी केला. लाल अजून वाढवला. मंगळवारी तेच, बुधवारी तेच. तिच्या प्रत्येक टिचकीसरशी ते नाव माझ्यावर थोडं थोडं सोनेरी होत होतं आणि खरोखर थोडं थोडं लाल होत होतं. मी ओरडत होतो, अगं बाई, कोपऱ्यातला आकडा बघ! पण माझ्या ओरडण्याला आवाज कुठला? मी फक्त जरासा थरथरलो. तिनं माझ्या कुशीत सवयीनं एक चापट मारली. "नीट राहा रे बाबा, शनिवारपर्यंत तरी!"

गुरुवारी वाटलं, सुटलो. गी-छलनं कुणाचातरी लॅपटॉप उसना आणला होता. त्यावर त्यानं फिल्म लावली आणि तो खुर्चीत ताठ झाला.

"अगं, हे लालसर दिसतंय."

"काय?"

"आईंचं नाव. लाल दिसतंय गं."

माझा जीव काचेशी आला. यंग-ओक उठली, लॅपटॉपसमोर वाकली. मान उजवीकडे केली, डावीकडे केली. बघ, बघ, मी म्हणत होतो, नीट बघ. मग ती हसली. एवढा राग मला तिचा कधी आला नव्हता, आणि माझा स्वतःचाही.

"सांगितलं ना तुम्हाला, चपटे पडदे खोटं बोलतात? हे बघा इकडे." तिनं माझ्याकडे बोट केलं. "सोनं आहे की नाही?"

"आहे खरं."

"मग? पंचवीस वर्षं कॅमेरा धरताय आणि रंग कुणाला विचारायचा ते कळत नाही?"

गी-छलनं मान खाजवली. "असेल बाई. तुझं तू जाणे." आणि त्यानं लॅपटॉप मिटला.

शुक्रवारी दुपारी ती फिल्म पूर्ण झाली. आईचे जुने फोटो, सासरच्या घराचा धुरकट फोटो, नातवंडं आणि शेवटी काळोखातून उगवणारी ती तीन वेडीवाकडी अक्षरं. उजेडाची तिरीप त्यांवरून फिरली. यंग-ओकनं ते सहा वेळा बघितलं आणि सहाव्या वेळी रुमालात तोंड खुपसून रडली. बान काकू वड्यांचं ताट घेऊन वर आल्या होत्या. त्याही बघून म्हणाल्या, "आई गं! सोन्याचं पाणी दिल्यासारखं दिसतंय. तुझी आई नशिबाची हो." दोघी माझ्याकडे बघत होत्या, कौतुकानं. मित्रांनो, कौतुक इतकं टोचू शकतं हे मला त्या दिवशी कळलं.

मग तिनं डिस्क पिशवीत घातली, माझ्यावर कापड टाकलं आणि दिवा बंद केला.

शनिवार गेला. कापडाखाली मला काही दिसत नव्हतं, खालच्या वड्यांच्या वासावरून दिवस कळायचा तेवढाच. रविवार गेला. सोमवारी दुकान उघडायला हवं होतं, ते उघडलंच नाही. जिन्यावर बान काकूंचा आवाज ऐकू आला, कुणाला तरी सांगत होत्या, "विचारूच नका. पोरीला तोंड दाखवायला जागा उरली नाही." म्हातारीला काही झालं का, ते मात्र त्या बोलल्या नाहीत. मी तसाच अंधारात बसून राहिलो.

मंगळवारी कुलूप निघालं. यंग-ओकचे डोळे सुजले होते. मागून गी-छल आला, हातात शनिवारची टेप घेऊन.

"आज नको बघूस," तो म्हणाला.

"बघायचंच आहे. माझी चूक कुठे झाली ते मला बघायचंय."

आणि शनिवार माझ्या काचेवर सुरू झाला.

हॉल भरलेला. रचून ठेवलेल्या फळांचे आणि वड्यांचे मनोरे, त्यांच्यामागे गुलाबी पोशाखातली बुन-दोक. तो गुलाबी आहे हे मला ऐकून माहीत, माझ्यावर तो राखाडी दिसत होता. मुलं, सुना, नातवंडं ओळीनं गुडघे टेकून नमस्कार करत होती. यंग-ओक आधी पडदा तपासताना दिसली, पण तेव्हा हॉलचे सगळे दिवे चालू होते, पडद्यावर फिकट फिकट काहीतरी हलत होतं. तिनं आवाज तेवढा नीट ऐकला आणि ती पाहुण्यांकडे पळाली.

मग दिवे गेले. फोटो सरकले, लोक हसले, कुणी नाक ओढलं. पडदा काळा झाला. काळोखातून ती तीन अक्षरं उगवली.

माझ्या काचेवर ती सोनेरी होती, अगदी शुक्रवारी होती तशीच. पण हॉलमध्ये कुणीतरी किंचाळलं. खुर्च्या सरकल्या. एका म्हाताऱ्यानं तोंडावर हात धरला. सून धावत सासूकडे गेली आणि तिनं तिच्या डोळ्यांवर पदरासारखी बाही धरली. दु-शिक उभा राहिला. "दिवे लावा! बंद करा ते! आधी दिवे लावा!" कुणाला बटण सापडेना. नाव पडद्यावर तसंच जळत होतं आणि यंग-ओकनं ठरवलेल्या नेमक्या क्षणी त्याची चमक आणखी वाढली.

"आईला मारायचीच आहे का तुला?" दु-शिक ओरडला. सगळ्यांदेखत, बहिणीकडे बोट करून. "सांगितलं होतं ना? एवढं एक काम! एवढंही जमलं नाही तुला?"

यंग-ओक भिंतीला टेकून उभी होती. गी-छलचा कॅमेरा हलला, पण खाली आला नाही. काहीही झालं तरी कॅमेरा खाली करायचा नाही, हा त्याचा नेम. तो नेम त्यानं त्या दिवशीही मोडला नाही, म्हणून तर मला हे सांगता येतंय.

तेवढ्यात चमच्यानं पेला वाजल्याचा आवाज आला. बुन-दोकनं सुनेची बाही बाजूला सारली होती.

"दु-शिक, खाली बस."

"आई, तू बघू नकोस."

"का? चार वर्षं वर्गात जाऊन वाचायला शिकले, ती काय डोळे झाकायला? बस म्हणते ना!"

तो बसला. म्हातारी पडद्याकडे बघत राहिली. छातीवर तिनं हात ठेवला तेव्हा माझी काच तडकते की काय असं मला झालं, मित्रांनो. मग ती बोलायला लागली, सावकाश, सगळ्यांना ऐकू जाईल अशी.

"लाल आहे, दिसतंय मला. पण नाव माझं आहे. अक्षरही माझं आहे. दु-शिकची आई नाही लिहिलेलं तिथे, वाचा नीट. आणि काय रे, वरचा तो शिपाई आता यादी घेऊन येईल, हा एवढा मोठा पडदा बघेल आणि म्हणेल, 'हिचं नाव तर आधीच लाल झालंय, म्हणजे हिला कुणीतरी नेलेली दिसते.' आणि जाईल रिकाम्या हातानं परत. झाली की नाही माझी वीस वर्षांची सोय?"

मग तोंडावर हात धरलेला तो म्हातारा फसकन हसला आणि हॉलभर हशा पसरला. दिवे लागले. समारंभ पुढे चालला. दु-शिक मात्र हसला नाही. बहिणीच्या बाजूनं जाताना त्यानं मान दुसरीकडे वळवली, हे टेपवर स्पष्ट दिसत होतं.

यंग-ओकनं टेप थांबवली. मागे नेली. पुन्हा अक्षरं उगवली. पुन्हा मागे नेली. तिसऱ्यांदा ती खुर्चीतून उठली आणि माझ्या काचेला नाक लावून उभी राहिली.

"अहो," ती म्हणाली, "इकडे या. हे कुठल्या रंगाचं दिसतंय तुम्हाला?"

"सोनेरी."

"शनिवारी मी माझ्या डोळ्यांनी लाल बघितलं. तुम्ही?"

"लालभडक."

"ही टेप त्याच शनिवारची आहे ना?"

गी-छलनं तो लॅपटॉप काढला, माझ्या शेजारी ठेवला आणि तीच टेप त्यावर लावली. तिथे नाव लाल, माझ्यावर सोनेरी. तिथे म्हातारीचा पोशाख गुलाबी, माझ्यावर राखाडी. यंग-ओकनं दोन्हींवर एकेक तळहात ठेवला. मग तिनं पहिल्यांदाच कोपऱ्यातला आकडा वाचला.

"आंधळा झालाय हो हा. आणि मी त्यालाच विचारत बसले."

"मी म्हणालो होतो त्या दिवशी..."

"म्हणाला होतात. मीच गाढव." मग तिला राग आला, आणि तो यायलाच हवा होता. "न्या उचलून! भंगारात टाका! माझ्या डोळ्यांसमोर नको हा."

गी-छलनं माझी वायर काढायला हात घातला. मला शिक्षा मान्य होती. फक्त एकच सल होता की, मी ओरडलो होतो हे तिला कधीच कळणार नाही.

तेवढ्यात जिन्यावर कुणीतरी धापा टाकत चढत होतं. दोन पायऱ्या, थांबणं, दोन पायऱ्या, थांबणं. दारात बुन-दोक उभी राहिली, काखेत वड्यांचा डबा.

"आई! तू एकटी जिना चढलीस?"

"मग काय उडत येऊ? फोन उचलत नाहीस, घरी येत नाहीस. म्हटलं, माझी फिल्म आहे, मला पुन्हा बघायचीय. तिथे आरडाओरड्यात धड बघूच दिली नाही कुणी."

"आई, नको गं."

"लाव म्हणते ना."

गी-छलनं वायर पुन्हा खोचली. दुसरं करणार काय? म्हातारी माझ्यासमोर बसली. फोटो सरकले, काळोख झाला आणि मी जे करत आलो होतो तेच केलं. तिचं नाव सोनेरी दाखवलं.

बुन-दोक पुढे वाकली. तिरीप अक्षरांवरून फिरून गेली तरी ती तशीच बसून होती.

"अगं," ती म्हणाली, "हे तर सोन्याचं आहे."

"ह्या मॉनिटरचा लाल रंग गेलाय, आई. हा खराब झालाय. मी ह्याच्यावर बघून केलं, म्हणून..."

"म्हणजे तू बसलीस तेव्हा तुला हे असं दिसत होतं?"

"हो."

"तू सोन्याचं केलं होतंस माझ्यासाठी."

यंग-ओकनं मान डोलावली आणि ती आईच्या मांडीवर डोकं ठेवून लहान पोरीसारखी हुंदके द्यायला लागली. म्हातारीनं तिच्या पाठीवर थोपटलं आणि दुसरा हात जावयापुढे केला. "फोन द्या तो. दु-शिक? आत्ताच्या आत्ता यंग-ओकच्या दुकानात ये. नाही रे, छातीत काही दुखत नाहीये. तुझ्या डोक्यातलं दुखणं काढायचंय."

दु-शिक आला. आईनं त्याला खुर्चीत बसवलं. एकीकडे लॅपटॉप, एकीकडे मी. त्यानं आधी इकडे बघितलं, मग तिकडे, मग पुन्हा इकडे.

"हॉलमध्येच का नाही बोललीस?"

"मला तरी कुठे माहीत होतं, दादा? मला वाटलं, माझीच चूक."

"तुझी चूक आहेच. दुसऱ्या कुणाला विचारायला काय झालं होतं?" तो थांबला. खिडकीबाहेर बघत म्हणाला, "जेवलीस का काही? की शनिवारपासून तशीच आहेस?"

आमच्याकडे मोठे भाऊ माफी मागतात ती एवढीच. यंग-ओकला ती पुरली.

"आणि हा कुठे चाललाय?" म्हातारीनं माझ्याकडे बोट केलं.

"भंगारात," गी-छल म्हणाला.

"मुळीच नाही. सगळ्या गुनसानात माझं नाव सोन्याचं दाखवतो तो हा एकटा. माझ्या खोलीत ठेवा ह्याला."

मला उचलायला दोन माणसं लागतात, हे मी सुरुवातीलाच सांगितलंय. त्या दिवशी एका बाजूला गी-छल होता आणि दुसऱ्या बाजूला दु-शिक. जिन्याच्या मधोमध दु-शिकनं कंबर धरली आणि मला अशी काही शिवी हासडली की बान काकू वड्या टाकून बाहेर आल्या. मला ती 'पास'च्या चिठ्ठीपेक्षा गोड लागली.

मित्रांनो, यंग-ओककडे आता चपटा पडदा आहे. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला ती त्याला तपासते आणि आकडेही वाचते. तुम्हीही एवढं करा. ज्याच्यावर तुमचा डोळे मिटून विश्वास आहे, त्याच्याकडे अधूनमधून डोळे उघडून बघा, मग ते यंत्र असो की माणूस. फेकून द्यायला नव्हे, तो थकलाय का ते बघायला. थकलेल्याला स्वतःहून सांगता येतंच असं नाही. आणि जवळचं कुणी म्हणालं, "मला वेगळं दिसतंय," तर हसू नका, एकदा पुन्हा बघा.

मी आता म्हातारीच्या खोलीत असतो. दुपारी ती मला चालू करते आणि फिल्म लावते. माझी हिरवी बंदूकही आता थकत चाललीय, सोनेरी पूर्वीइतकं खुलत नाही. ती म्हणते, "आज जरा मळकट दिसतोयस. चालायचंच, मीही तशीच आहे." माझ्या काचेवर धूळ फार बसते. पुसायच्या आधी ती त्या धुळीत बोटानं आपलं नाव लिहिते, तीन अक्षरं, अजूनही दाबून. त्या अक्षरांना रंग नसतो. तेवढी मला कधीच चुकीची दाखवता येत नाहीत.